पाण्यात ‘आहे’ ऐकू येत नाही

इथले अनुभव मी दोन-अडीच वर्षांपासून वाचतोय. खरं सांगायचं तर हसायला वाचत होतो. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाची गाडी चिंचेपाशी आपोआप बंद पडते... मी खाली एखादी खवचट कमेंट टाकून मोकळा व्हायचो. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे माझं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवून काय करू? दारावरची लिंबू-मिरची मी बारावीत असतानाच काढून फेकली होती.

ज्यांच्यावर मी हसलो त्यांनी आता माझ्यावर हसावं. फक्त शेवटपर्यंत वाचा. मला भूत दिसलेलं नाही. जे झालं त्यातला कळत नाही असा भाग फार तर चार मिनिटांचा आहे. बाकी सगळं माणसानं केलेलं आहे, आणि तो माणूस मीच.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी मालदीवमध्ये एका लिव्हअबोर्ड बोटीवर डाइव्ह गाइड आहे. लिव्हअबोर्ड म्हणजे पाहुण्यांनी आठ-दहा दिवस बोटीवरच राहायचं, तिथंच खायचं, तिथंच झोपायचं, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं. किनारा सोडून लांब लांब जायचं, जिथं हॉटेल नाही, माणूस नाही. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली,

“म्हंजी टोळीच की रं. आमी उसावर जातोत, तसं तुमी पाण्यावर. मुकादम हाय का?”

“आहे. त्याला क्रूझ डायरेक्टर म्हणतात.”

“मारतो का?”

“नाही गं.”

“मंग बरंय.”

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. आई-वडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, म्हणून मी वाढलो चुलत्याकडं. आप्पा आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी शाळा सुटू नये म्हणून आप्पांनी मला ठेवून घेतलं होतं. मी आज जो काही आहे तो त्या दोघांमुळं... हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

बीडच्या माणसाला पोहायला कुठं येणार, असं सगळ्यांना वाटतं. पण आमच्याकडं पाणी विहिरीत असतं आणि विहिरी खोल असतात. आप्पा आसपासच्या पाच-सहा गावांचे बुडी मारणारे होते. विहिरीत भांडं पडलं, बादली पडली, मोटारीचा फुटबॉल गाळात रुतला, की आप्पांना बोलावणं. (फुटबॉल म्हणजे पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप. इंग्रजीत फूट व्हॉल्व्ह. आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. मी एकदा दुकानात बरोबर उच्चार करून मागितला तर दुकानदार म्हणाला, “ते न्हाई आपल्याकडं. फुटबॉल हाय.”)

बुडीची एक पद्धत होती. खाली एक माणूस, वर एक माणूस. वरच्याच्या हातात खालच्याच्या कमरेची दोरी. आणि वरच्यानं विहिरीच्या कडेच्या दगडावर हातातल्या दगडानं ठोकत राहायचं. टक-टक... टक. दोन, थोडं थांबून एक. खाली पाण्यात तो आवाज अगदी कानाशी येतो. तो चालू आहे तोवर वर माणूस आहे. आणि आप्पांनी डोकं वर काढलं की पहिला श्वास घ्यायच्याही आधी विचारायचे,

“हाय का रं?”

वरच्यानं म्हणायचं, “हाय!”

बस, एवढंच. हे चुकलं की आप्पा पुढची बुडी मारायचे नाहीत. म्हणायचे, “वरचा माणूस म्हंजी अर्धा जीव असतोय. अर्धा खाली न्यायचा, अर्धा वर ठिवायचा.”

आठवीपासून वरचा माणूस मीच. कॉलेजला बीडला गेलो आणि बोलणं सुधारलं. हाय-न्हाई सोडून आहे-नाही बोलायला लागलो. एका सुट्टीत आप्पांनी खालून विचारलं आणि मी वरून म्हणालो, “आहे!” त्यांनी ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी “हाय” म्हणालो. वर येऊन अंग पुसत म्हणाले,

“बीएश्शी झालास, लई ब्येस झालं. पण पाण्यात ‘आहे’ ऐकू येत न्हाई. ‘हाय’ ऐकू येतं.”

मी हसलो होतो. बहुतेक थोडी लाजही वाटली होती. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींची लाज वाटायची.

पदवीनंतर नोकरी नव्हती. एका मित्राच्या ओळखीनं तारकर्लीला स्कूबावाल्यांकडं लागलो. श्वास धरायला येतो, पाण्याची भीती नाही, इंग्रजी बरं. दोन वर्षांत डाइव्हमास्टर झालो. पावसाळ्यात ते काम बंद असतं, म्हणून त्या सप्टेंबरात मी घरी होतो. मालदीवच्या बोटीवाल्यांना अर्ज केला होता आणि ते फोनवर मुलाखत घेणार होते. दिवस ठरला नव्हता.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा आमच्याच विहिरीत उतरले. पावसानं विहीर भरली होती, पाच परस पाणी. पाच माणसं हात वर करून एकावर एक उभी केली तर बुडतील एवढं. फुटबॉल गाळानं धरला होता. मी वर, दोरी हातात, टक-टक... टक. दोन बुड्या झाल्या. आप्पा म्हणाले, “आणखी एक-दोन लागत्याल. पाना दे.” आणि माझा फोन वाजला. बाहेरच्या देशाचा नंबर.

विहिरीपाशी रेंज येत नव्हती, आवाज तुटत होता. बांधावरच्या बाभळीखाली येते हे मला माहीत होतं. सत्तर-ऐंशी पावलं. मी दोरीचे मोटारीच्या लोखंडी खांबाला दोन वेढे मारले. आप्पा तेव्हा पाना घेऊन पाण्याखाली गेले होते. मनात म्हणालो, दोन मिनिटं. दगड खाली ठेवला आणि गेलो.

मुलाखत चांगली चालली होती. ती बाई विचारत होती की जोरदार प्रवाहात लोकांना सांभाळता येईल का. मी म्हणत होतो, “येस मॅम, आय नेव्हर लीव्ह माय डायव्हर्स.”

आणि विहिरीतून आवाज आला. “हाय का रं?”

ऐकला मी. स्पष्ट ऐकला. वाऱ्याचा नव्हता, भास नव्हता. नुसता तिथूनच ओरडलो असतो तरी पुरलं असतं. पण कानाला फोन होता, पलीकडं ती बाई होती, आणि मला वाटलं, हिला हे गावठी ऐकू गेलं तर... मी फोनचं तोंड तळहातानं झाकलं. आणि ओ दिली नाही.

परत आलो तेव्हा पाणी हलत नव्हतं. दोरीला ताण होता. मी ओढली, ओरडलो, पुन्हा ओढली. माणसं धावत आली तेव्हा दोरी माझ्या हातात होती आणि दोन्ही तळहात सोलून निघाले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं, पाण्यात असतानाच आला असेल. असेलही. कदाचित मी वर असतो तरी काही झालं नसतं. पण त्यांनी विचारलं होतं, म्हणजे तेव्हा ते होते.

मी खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही. सगळ्या गावानं माझे हात बघितले आणि ठरवून टाकलं. मातीला आलेला माणूस अन् माणूस काकूला सांगत होता, “पोरानं दोरी सोडली न्हाई, काकू. हाताची सालटं गेली, पर सोडली न्हाई.” काकूनं माझे हात हातात घेऊन त्यावर हळद लावली. मी लावू दिली.

नोकरी मिळाली. चार वर्षं झाली त्याला.

आता मालदीव. मागच्या हंगामातली गोष्ट आहे. दक्षिणेकडच्या एका अटोलची (प्रवाळ बेटांच्या कड्याची) खिंड, म्हणजे दोन प्रवाळ भिंतींमधली वाट, जिथून समुद्र आत-बाहेर करतो. सकाळचा दुसरा डाइव्ह, अकराची वेळ, लख्ख ऊन. पाणी इतकं स्वच्छ की बोटीवरून तळाची सावली दिसावी. माझ्या गटात चार पाहुणे, शिवाय मागं दुसरा गाइड रशीद. तो तिथलाच, हिंदी चांगलं बोलतो.

पाहुण्यांत पुण्याचे एक देवधर सर होते. साठी ओलांडलेले, इंजिनियर, दीडशेवर डाइव्ह झालेले, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी नाश्त्याला म्हणाले होते,

“बीडचा पाणबुड्या? म्हणजे राजस्थानातला कोळीच की हो!”

“सर, आमच्याकडं पाणी कमी आहे म्हणूनच खोल जावं लागतं.”

तेव्हापासून आमचं जमलं. रोज सकाळी ते मला “काय बीडकर, हाय!” करायचे, इंग्रजीतलं हाय. मी दर वेळी “गुड मॉर्निंग, सर” म्हणायचो, उलट हाय नाही. त्यांना काय माहीत.

उतरायच्या आधी मी नेहमीसारखी सूचना दिली. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं येतो, त्यामुळं दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच ऐकू येतो आणि दिशा कळत नाही. टाकीवरची टकटक ऐकू आली तर चारी बाजूंना बघा. हे मी हजारदा सांगितलेलं वाक्य आहे. लक्षात ठेवा ते.

सत्तावीस मीटरवर खिंडीच्या तोंडाशी आम्ही दगड धरून बसलो. समोर शार्क फिरत होते, दहा-बारा तरी. एका पाहुणीनं तिचा कॅमेरा माझ्याकडं दिला, शार्कबरोबर तिचा व्हिडिओ काढ म्हणून. मी काढत राहिलो. चांगला येत होता. दोन मिनिटं... हो, पुन्हा दोनच मिनिटं. वळून बघितलं तर सर नाहीत.

रशीदनं दोन्ही हात पसरले, म्हणजे त्यालाही माहीत नाही. नियम असा आहे की एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सगळ्यांनी वर जायचं, कारण हरवलेला माणूसही तेच करतो. मी रशीदला बाकीच्यांना घेऊन जायची खूण केली. कॅमेरा मनगटाच्या दोरीला तसाच लोंबत होता, चालू. वर बघितलं, बुडबुडे नाहीत. आत बघितलं, नाही. प्रवाह बदलला होता, भिंतीवरून खाली ओढत होता. मिनिट संपत आलं. नियमाप्रमाणं मी वर निघायला पाहिजे होतं. खरं सांगतो, निघालोही होतो.

आणि टक-टक... टक.

पाण्याखाली डाइव्हर टाकीवर ठोकतो त्याचा आवाज टणक असतो, घंटेसारखा. हा दगडावर दगड होता. दोन, थोडं थांबून एक. आमच्या विहिरीच्या कडेवरचा काळा दगड वाजतो तसा. मी आठवीपासून तो वाजवलाय, मला त्यात चूक होणार नाही.

आणि त्याला दिशा होती. दिशा नसते, असू शकत नाही, हे मीच अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. पण तो डावीकडून, खालून येत होता, एखाद्यानं बोट धरून दाखवावं तसा. मी नियम सोडला आणि तिकडं गेलो. मी डावीकडं जास्त सरकलो की आवाज थांबायचा. परत नीट वळलो की सुरू व्हायचा.

भिंतीच्या पोटात, छतासारख्या बाहेर आलेल्या खडकाखाली सर होते. खाली ओढणाऱ्या प्रवाहानं त्यांना तिथं कोंबलं होतं. टाकीची नळी मासेमारीच्या जुन्या दोऱ्यात अडकलेली. दोन्ही हातांनी प्रवाळ गच्च धरलेलं. त्यांचे बुडबुडे खडकाच्या छताखाली अडकत होते, म्हणून वरून दिसले नव्हते. काट्यात हवा वीस बारच्या खाली, म्हणजे जवळजवळ संपलेलीच. मी चाकूनं दोरा कापला, माझा दुसरा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र, त्यांच्या तोंडात दिला आणि त्यांना छातीशी धरून हळूहळू वर आणलं. अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. त्या तीन मिनिटांत टकटक नव्हती. ती केव्हा थांबली ते मला सांगता येत नाही.

बोटीवर ऑक्सिजन दिला, ब्लँकेट दिलं. चहाचा पहिला घोट घेऊन सर म्हणाले,

“बीडकर, तुम्ही थेट माझ्याकडे कसे आलात हो? दिसत तर नव्हतो मी.”

“तुम्ही ठोकत होता ना, सर. म्हणून तर.”

“मी? कशानं?” त्यांनी दोन्ही हात उलटे करून दाखवले. प्रवाळानं तळवे सोलून निघाले होते. “एक हात सोडला असता तर खाली गेलो असतो. मी काहीच ठोकलं नाही.”

मी त्या हातांकडं बघत राहिलो. हळद कुठं आहे असं विचारायला स्वयंपाक्याकडं निघालो होतो, अर्ध्या वाटेत भान आलं.

रशीदला विचारलं. “भाई, मैंने कुछ नहीं सुना,” तो म्हणाला. “तू नीचे जा रहा था तो मुझे लगा तू गया काम से.”

मग त्या पाहुणीचा कॅमेरा आठवला. तो सगळा वेळ चालू होता. तिच्याकडून फाइल मागून घेतली आणि केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून ऐकली. टकटक नाही. एकदाही नाही. माझा श्वास आहे, बुडबुडे आहेत, प्रवाहाची घरघर आहे.

आणि माझा आवाज आहे.

मी खाली जायला वळतो तिथपासून सर सापडेपर्यंत, दर काही सेकंदांनी. दबका, फुटका. “हाय... हाय...” अकरा वेळा मोजला. मला बोलल्याचं काही आठवत नाही. रेग्युलेटर तोंडात असताना शब्द नीट निघत नाहीत. मी नंतर मुद्दाम पाण्यात ‘आहे’ म्हणून बघितलं, नुसती गुरगुर येते. ‘हाय’ तेवढं निघतं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. खोलीवर नायट्रोजननं नशा येते, भास होतात. मी ते शिकवतो. मनातल्या अपराधानं आवाज काढला असेल, हेही मान्य. पण मन मला सर कुठं आहेत ते कसं सांगेल? मला ते माहीत नव्हतं.

जूनमध्ये घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो. दुपारी काकू ओसरीवर सुपात मठ, म्हणजे मटकी, निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, बाभळ, खांबाचे वेढे, तळहात फोनवर ठेवला ते. मग समुद्रातलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर मारेल. ती खडे काढत राहिली. मग वर न बघता म्हणाली,

“मी पल्याडच्या पट्टीत उडीद उपटत हुते तवा.”

मला कळलं नाही.

“त्यांचा आवाज आला. हाय का रं, म्हणले. दोनदा.”

दोनदा. मी एकदाच ऐकलं होतं.

“मी ओ देणारच हुते. जवळच तर हुते. मग म्हणलं, पोरगं हाय की वर, आपून कावून वरडावं?” तिनं सूप खाली ठेवलं. “चार वर्षं झाली, रोज मनाला सांगती. पोराच्या हातात दोरी व्हती, तू ओ दिली असती तरी काय झालं असतं, बाई. तू हायेस म्हणून मी गप बसले, बाबा. आता कुणाच्या जिवावर गप बसू?”

मी मोकळा व्हायला गेलतो आणि माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून आलो.

निघायच्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, “तिथं ऐकू आलं, तवा तू ओ दिलीस ना?”

“दिली.”

“किती येळा?”

“अकरा.”

ती मान हलवून आत गेली.

त्यानंतर शेकडो वेळा पाण्यात उतरलोय. दर वेळी खाली पोचलो की एखाद्या दगडावर ठोकतो, दोन, थांबून एक. उत्तर आलेलं नाही. त्या दिवशी काय होतं ते मला सांगता येत नाही, आणि कुणी शास्त्रीय कारण दिलं तर मी आनंदानं मानेन. खरंच मानेन. कारण दुसरं कारण असं आहे की मी ज्यांना खाली एकटं सोडलं ते मला खाली एकटं सोडायला तयार नव्हते. ते पेलायला जास्त अवघड आहे.

काकूला दर रविवारी फोन करतो. आधी ती उचलल्या उचलल्या “कवा येणार?” म्हणायची. आता उचलते आणि काहीच बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. मग मी म्हणतो,

“हाय.”

तिकडून उशिरानं येतं,

“हाय.”